नेटवर्कबाहेरचं माकड

दिल्लीत ‘हिंदूराव’ म्हटलं की कोणाच्या डोळ्यांपुढे मराठा सरदार उभा राहत नाही. उभी राहते ती पर्चीची रांग. ‘बाबूजी हिंदूराव में हैं’ असं कोणी म्हणालं, तर ऐकणारा आधी ‘च्च्’ करतो आणि मग वॉर्ड नंबर विचारतो. हा मराठी माणूस दिल्लीच्या मातीत इतका मुरला की त्याचं माणूसपण संपून तो महापालिकेचं रुग्णालय झाला. सदर बाजाराच्या अंगाला ‘बाडा हिंदूराव’ नावाची वस्ती आहे, त्या नावाचं पोलीस ठाणंही आहे. म्हणजे दिल्लीकराला हिंदूराव भेटतात ते आजारपणात, नाहीतर मारामारीनंतर. इतकं वर्दळीचं स्मारक दुसऱ्या कोणा सरदाराच्या वाट्याला आलं असेल असं वाटत नाही.

मूळचे हिंदूराव म्हणजे कागलकर घाटगे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू, दौलतराव शिंद्यांचे मेहुणे. १८३५ साली दिल्लीतला बडा इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझर याला गोळी घालून मारलं, आणि ‘रिज’ नावाच्या टेकडीवरचा त्याचा टोलेजंग बंगला पुढे हिंदूरावांकडे आला. १८५७ च्या वेढ्यात याच बंगल्यात गुरख्यांची पलटण इंग्रजांसाठी ठाण मांडून लढली. शेजारी अशोकाचा स्तंभ आहे. तो फिरोजशाह तुघलकाने मेरठहून आणवला, फर्रुखसियरच्या काळात दारूच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले आणि ते जोडून तो पुन्हा उभा राहिला १८६७ साली. एक फ्रॅक्चर बसवायला दीडशे वर्षं! मी हे सहज म्हणून अमेरिकेतल्या चिरंजीवाला सांगितलं, तर तो गंभीरपणे म्हणाला, ‘विमा कंपनीचं प्रायर ऑथरायझेशन मिळालं नसेल.’

हिंदूरावांचे वडील सर्जेराव घाटगे यांचंही थोडक्यात सांगतो, कारण विम्याच्या विषयात त्यांना वगळून चालणार नाही. १७९८ मध्ये मुलगी शिंद्यांना देऊन हे गृहस्थ त्यांचे कारभारी झाले आणि पुण्यातल्या सावकारांना, जुन्या कारभाऱ्यांना धरून, मारझोड करून त्यांनी पैसा उकळला. पॉलिसी न देता हप्ता वसूल करण्याची पद्धत त्यांनी एकहाती चालवली. पुढच्या लोकांनी तीत सुधारणा केली ती एवढीच की पॉलिसीही देऊ लागले.

आम्ही राहतो मलकागंजात, म्हणजे हिंदूरावांच्या सावलीत. केंद्र सरकारची नोकरी करून निवृत्त झालो, सकाळी बोंटा पार्कात फिरतो, गणपतीत पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवनात जाऊन मोदक खातो. आजारपणाच्या बाबतीत आमच्यासारख्याला तीन आधार. एक सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं, कार्ड. ही योजना दिल्लीतच १९५४ साली सुरू झाली आणि तिच्यात हवं ते औषध आज नसतं, ते ‘इंडेंट’ होतं आणि उद्या येतं. तोवर खोकला आपोआप बरा होतो, हा तिचा छुपा फायदा. दुसरा आधार खाजगी मेडिक्लेम, जो घ्यायला लावतात जावई. तिसरा हिंदूराव, जो काही घ्यावा लागत नाही. रस्त्यात पडलात तर पीसीआर व्हॅन तुम्हाला तिथेच नेते.

पण ज्यांची मुलं अमेरिकेत असतात त्यांना चौथाही एक विमा पाठ करावा लागतो, तो मुलाचा. आमचा चिरंजीव एडिसनला असतो. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर पूर्वी हवापाणी व्हायचं, भाज्यांचे भाव व्हायचे. नातू झाला आणि बोलणी विम्यावर आली. आमच्या हिला प्रत्येक गोष्ट मुळापासून समजावून घ्यायची सवय.

‘आई, दर पगारातून प्रीमियम कापला जातो.’

‘बरं.’

‘मग वर्षभरात जी बिलं होतील त्यातले पहिले तीन हजार डॉलर आपण भरायचे. ते डिडक्टिबल.’

‘आणि प्रीमियमचे?’

‘ते वेगळे. डिडक्टिबल संपलं की पुढच्या बिलातले ऐंशी टक्के कंपनीचे, वीस टक्के आपले. ते कोइन्शुरन्स. शिवाय काही ठिकाणी दारातच ठरावीक रक्कम द्यायची, ते कोपे. असं करत करत आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम गाठलं, की पुढचं सगळं कंपनी देते.’

‘तिथवर माणूस टिकतो?’

‘डॉक्टर नेटवर्कमधला असेल तर टिकतो.’

हिने वहीत हे सगळं लिहून घेतलं आणि शेवटी हिशेबाची ओळ मारून विचारलं, ‘अरे, मग कंपनी नेमकं काय करते?’ पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. आम्हाला वाटलं, नेट गेलं.

आकडे ऐकून तर हिने वहीच मिटली. अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २०२४ साली २५,५७२ डॉलर होता. तेव्हाच्या भावाने एकवीस लाख रुपयांच्या वर. त्यातले ६,२९६ डॉलर नोकरदाराच्या पगारातून जातात, बाकीचे मालक भरतो. आणि मालक भरतो म्हणजे तोही पगारातूनच भरतो, फक्त पगार हातात यायच्या आधी. मलकागंजात एकवीस लाखांत फ्लॅट येत नाही हे खरं, पण तिथे निदान बिल्डर सापडतो आणि त्याच्याशी भांडता येतं.

हे असं कोणी मुद्दाम आखलं असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण अमेरिकेचं हे सगळं प्रकरण घरात वाढत गेलेल्या माळ्यासारखं आहे. कोणी बांधला नाही, सामान ठेवत गेले. १९२९ साली टेक्सासमधल्या डॅलसला बेलर रुग्णालयाने तिथल्या शाळामास्तरांशी करार केला: महिन्याला ५० सेंट द्या, वर्षात २१ दिवस खाट आमची. सुरुवात इतकी साधी. पुढे दुसरं महायुद्ध आलं, १९४२ मध्ये सरकारने पगार गोठवले. माणसं तर हवीत आणि पगार वाढवता येत नाही, म्हणून कारखानदारांनी पगाराऐवजी विमा देऊ केला. सरकारने तो पगारात धरला नाही, पुढे १९५४ च्या कायद्याने त्यावरची करमाफी पक्की केली. युद्ध संपलं, पगार मोकळे झाले, विमा मात्र नोकरीला चिकटून राहिला. यावर हसायचा मला फारसा अधिकार नाही. आमचा महागाई भत्ताही त्याच युद्धाचं अपत्य, आणि तो बंद करा असं म्हणणारा केंद्रीय कर्मचारी मी अजून पाहिलेला नाही.

पण भत्ता गेला तर माणूस हॉटेलात जायचं टाळतो. अमेरिकेत नोकरी गेली की डॉक्टर जातो. एच-वन-बी व्हिसावरच्या मुलाची नोकरी सुटली तर विमाही जातो आणि साठ दिवसांनी देशात राहण्याचा हक्कही जाऊ शकतो, म्हणजे हार्टअॅटॅक यायची सगळी सोय करून उपचाराची सोय काढून घेतात. ‘कोब्रा’ नावाचा कायदा आहे म्हणे, त्याखाली सुटलेल्या नोकरीचा विमा काही महिने चालू ठेवता येतो. फक्त मालकाचा वाटाही आपणच भरायचा. या नावाचा कायदा करणाऱ्यांना विनोदबुद्धी नव्हती असं म्हणवत नाही.

आता डिसेंबरची गोष्ट. डिडक्टिबलची पाटी एक जानेवारीला पुसून कोरी होते. म्हणजे मार्चमध्ये पाय मोडून तुम्ही तीन हजार भरले असतील, तर त्यानंतर वर्षभर आजारी पडणं स्वस्त. आणि नोव्हेंबरात मोडला असेल, तर दुखणं लांबवू नये. त्यामुळे सुजाण अमेरिकन कुटुंबात गुडघे, पित्ताशय, नाकाचं वाढलेलं हाड हे सगळं वर्षअखेरीस उरकून घेतात. त्यात आणखी एक खातं असतं, ज्यात करमुक्त पैसे आधीच टाकायचे आणि मुदतीत खर्च केले नाहीत तर बरेचसे बुडतात. चिरंजीवाने डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाला चष्मा करवला. नातवाचे डोळे अगदी ठीक आहेत. त्याला थर्मामीटर मिळाला. मी उभं आयुष्य मंत्रालयांत काढलं असल्यामुळे मला हे फार ओळखीचं वाटलं. आमच्याकडेही एकतीस मार्चला ग्रँट लॅप्स होऊ नये म्हणून सत्तावीस मार्चला खुर्च्या येत, कूलर येत, एकदा तर वापरणारा सेक्शनच बंद झाल्यावर त्याच्यासाठी कपाटं आली. फरक इतकाच की आम्ही ते सरकारच्या फर्निचरशी करत होतो, पित्ताशयाशी नाही.

दवाखान्यात जाऊन आलं की काही आठवड्यांनी घरी एक कागद येतो. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: हे बिल नाही. खाली बिलासारखं सगळं असतं. रुग्णालयाने लावलेली रक्कम बाराशे, कंपनीने मान्य केलेली तीनशे ऐंशी, ‘समायोजन’ आठशे वीस, तुमची जबाबदारी तीनशे ऐंशी. नंतर रुग्णालयाचं खरं बिल येतं, त्यावर चौथाच आकडा असतो. ते बाराशे कोणी कधी भरतं का? भरतो तो ज्याच्याकडे विमा नाही, म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत तो. जानेवारी २०२१ पासून रुग्णालयांनी आपले दर जाहीर करावेत असा सरकारी नियम आहे. अनेकांनी केले, पण अशा अगडबंब संगणकी फायलींत की त्या उघडायलाच तज्ज्ञ लागतो. त्या दृष्टीने हिंदूरावच्या ओपीडीतली खिडकी प्रामाणिक. तिथला माणूस तुमच्याकडे बघतही नाही, पण तिथे चौथा आकडा नसतो.

आता मी जे सांगणार आहे त्याचा उगम नोएडात आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयांची आणि विमा कंपन्यांची कागदपत्रं तपासणारी मोठमोठी ऑफिसं आमच्याच एनसीआरमध्ये आहेत, गुरुग्रामला आणि नोएडात. आमच्या शेजारचा मुलगा बी.फार्म. होऊन अशाच एका ठिकाणी रात्रपाळीला मेडिकल कोडिंग करतो. संध्याकाळी सहाला गाडी येते, रात्रभर तो ओहायोतल्या लोकांचे मुडपलेले घोटे आणि बंद पडलेली मूत्रपिंडं आकड्यांत बसवतो, सकाळी येऊन झोपतो. अमेरिका त्याने पाहिलेली नाही. पण तिथला माणूस कशाकशाने मरू शकतो याची सत्तर हजारांच्या घरातली यादी त्याच्या संगणकावर आहे. ती १ ऑक्टोबर २०१५ पासून तिथे सक्तीची झाली.

एका रविवारी त्याने आम्हाला गच्चीवर वाचून दाखवली. बदकाचा धक्का लागला तर डब्ल्यू ६१.६२. कासवाचा लागला तर वेगळा. विमानाच्या इंजिनात ओढले गेलात तर व्ही ९७.३३, आणि त्यातही पहिली भेट की पुढची भेट हे लिहावं लागतं. म्हणजे इंजिनातून बाहेर येऊन फॉलो-अपला जाणाऱ्याचीही सोय आहे. पाण्यावर घसरायच्या फळीला आग लागून भाजल्यास एक कोड. घटना कुठे घडली याचे वेगळे कोड, त्यात ऑपेराचं नाट्यगृह आहे, तुरुंगातला पोहण्याचा तलाव आहे. विचित्र वेशभूषा हेही लक्षण म्हणून नोंदलेलं आहे, आर ४६.१, लग्नसराईत आमच्या कमलानगरात निम्म्या लोकांना तो लावता येईल. आणि मग आला झेड ६३.१: सासरच्या मंडळींशी संबंधांतील अडचणी. हे ऐकून ही एकदम ताठ बसली. ‘याचे पैसे मिळतात का रे?’ तिने विचारलं. तो म्हणाला, ‘काकू, नुसत्या झेडवर नाही मिळत. सोबत काहीतरी मोडलेलं लागतं.’

या मुलाच्या आईचं ब्लडप्रेशरचं औषध हिंदूरावमधून येतं. त्याच्या स्वतःच्या पर्चीवरचं डॉक्टरांचं अक्षर त्याला लागत नाही.

दातांबद्दल थोडक्यात. अमेरिकन आरोग्य विमा दात आणि डोळे यांना शरीरात धरत नाही. त्यांचे विमे स्वतंत्र, आणि दातांच्या विम्याची वार्षिक मर्यादा बहुधा एका क्राऊनमध्ये संपते. म्हणून डिसेंबरात दिल्ली-पुण्याला येणारी परदेशस्थ मराठी मंडळी आल्याआल्या आधी तोंड उघडतात ते दंतवैद्याकडे. आमच्या सुनेने मागच्या खेपेला आग्र्याचा ताज बघितला नाही, रूट कॅनाल केलं. तिच्या ग्रुपवर मात्र फोटो ताजचाच होता. तो मी काढलेला जुना.

माकडांकडे येतो. रिजवर माकडं आहेत आणि मंगळवार-शनिवार हनुमानभक्त त्यांना केळी घालतात. उरलेले पाच दिवस माकडं ती हक्काने मागतात. त्यामुळे आमच्या फिरायच्या टोळीतल्या कोणाला ना कोणाला दात लागलेला असतो. टोळीचा नियम ठरलेला आहे: साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धुवायचं, मग लसीच्या रांगेत. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत रेबीजची लस फुकट मिळते, म्हणजे असली तर मिळते. नसली तर समोरच्या केमिस्टकडे काही शे रुपयांत. रांगेत ‘कुत्ता या बंदर?’ एवढाच प्रश्न.

आता फ्लोरिडाची गोष्ट. काही वर्षांपूर्वी तिथल्या एव्हरग्लेड्सच्या जंगलाजवळ एका वन्यजीव अभ्यासक बाईंना एक उपाशी मांजर दिसलं. दया येऊन त्यांनी त्याला टूना मासा देऊ केला, मांजराने बोट चावलं. त्या शहाण्या बाई तत्काळ रुग्णालयात गेल्या, इंजेक्शनं घेतली, दोनेक तासांत घरी आल्या. बिल आलं ४८,५१२ डॉलर. त्यातला सिंहाचा वाटा रेबीजच्या इम्युनोग्लोब्युलिनचा. तिथल्या पत्रकारांनी हे छापलं तेव्हाच्या भावानेही ही रक्कम तीस लाखांच्या वर जाते. मी ही बातमी बोंटा पार्कात मोठ्याने वाचली. टोळीत आठ-दहा चावे अंगावर वागवणारे एक निवृत्त पंजाबी हेडमास्तर आहेत. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि पँटची शिलाई सावरून म्हणाले, ‘भाई साहब, मैं तो करोड़पती निकला.’ मला मात्र दुसरीच काळजी. अमेरिकेत रुग्णालय नेटवर्कमधलं असावं लागतं, डॉक्टर असावा लागतो, प्रयोगशाळा असावी लागते. पुढेमागे चावणारा प्राणीही नेटवर्कमधलाच हवा असं कलम आलं, तर आमच्या रिजवरचं एकही माकड त्यात बसणार नाही. त्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत.

असं सगळं ठाऊक असताना आम्ही एडिसनला जायचं ठरवलं. जायच्या आधी चिरंजीवाने आमच्यासाठी व्हिजिटर इन्शुरन्स निवडायला घेतला. साठी ओलांडलेल्या माणसाच्या अंगात जे जे काही असतं ते ‘पूर्वीपासून असलेलं’ असतं, आणि पूर्वीपासून असलेल्याला कंपनी पैसे देत नाही. माझं ब्लडप्रेशर, हिची शुगर, थायरॉइड, मणका, सगळंच वजा. उरतो तो दोन अनोळखी म्हाताऱ्यांचा विमा. मात्र एक दयाळू कलम असतं: जुना आजार ‘अचानक उसळला’ तर पैसे मिळतील. अचानक म्हणजे पूर्वसूचनेशिवाय, आणि उपचार चोवीस तासांच्या आत घेतलेले हवेत. बारकाईने वाचलं की कळतं, छातीत मंगळवारी थोडं दुखून बुधवारी जोरात दुखलं तर ती सूचना झाली. हार्टअॅटॅकने यायचं तर दार न वाजवता यावं. कंपनी ही सगळी कलमं वाचून दाखवते का? नाही, ‘आय अॅग्री’च्या वरच्या चौकटीत असतात. ती चौकट हिने पूर्ण वाचली. मग दोन सुटकेसांपैकी एकीत निव्वळ औषधं भरली.

एडिसनला घरातच जिन्यावर हिचा पाय मुरगळला. नातवाची खेळण्यातली गाडी पायरीवर होती. ती अजून आहे. पाय बघता बघता सुजला. सून बर्फ आणायला धावली, चिरंजीव लॅपटॉप आणायला. इमर्जन्सीत जायचं की अर्जंट केअरला? इमर्जन्सी नेटवर्कमध्ये आहे, पण तिथला कोपे जबर. अर्जंट केअर जवळ आहे, पण सातला बंद. अॅम्ब्युलन्सचं नाव काढताच दोघं एकदम ‘नको!’ म्हणाले. मग मला समजलं की जानेवारी २०२२ पासून तिथे एक नवा कायदा आहे, अचानक अंगावर येणाऱ्या नेटवर्कबाहेरच्या बिलांपासून तो विमेदाराला वाचवतो. त्यात हवाई अॅम्ब्युलन्स आहे. रस्त्यावरून जाणारी नाही. म्हणजे हेलिकॉप्टर मागवावं, व्हॅन मागवू नये. चिरंजीवाने विमा कंपनीला फोन लावला. बासरीवजा संगीत वाजत राहिलं. दरम्यान हिने स्वयंपाकघरात आंबेहळद उगाळून, गरम करून लेप लावला आणि पाय उशीवर ठेवून मालिका पाहू लागली. फोन लागला तेव्हा पलीकडचा तरुण ‘हॅलो, धिस इज केविन’ म्हणाला, पण मागे कोणीतरी ‘अबे चाय मंगा ले’ म्हणत होतं. हिने रिमोट खाली ठेवून विचारलं, ‘नोएडा का?’

दुसऱ्या दिवशी अर्जंट केअरला नेलंच. एक्स-रे झाला, हाड शाबूत. डॉक्टरांनी पिवळा पाय पाहून कावीळ आहे का विचारलं. बिल आमच्या पॉलिसीच्या डिडक्टिबलच्या आत बसलं, त्यामुळे सगळं आम्हीच भरलं. कंपनीचा एक सेंटही गेला नाही.

दिल्लीत परतल्यावर टोळीला हे सांगताना मी थोडा फुशारलो होतो, हे मान्य. ‘आपलं हिंदूराव बरं’ वगैरे. पण त्याच हिंदूरावमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये, ऐन करोनात, निवासी डॉक्टरांना महिनोनमहिने पगार मिळाला नव्हता म्हणून ते संपावर गेले आणि रुग्णांना दुसरीकडे हलवावं लागलं. फुकट उपचाराचं बिल तिथे डॉक्टरांकडून वसूल केलं जात होतं. पैसे नाहीत म्हणून कोणाचा उपचार अडू नये, हे आपल्याकडे १९४६ सालीच भोर समितीने लिहून ठेवलंय, आणि त्या समितीचे अध्यक्ष जोसेफ भोर नाशिकचे. म्हणजे तत्त्व सांगायलाही मराठी माणूस आणि रांगेला नाव द्यायलाही मराठी माणूस. मधली खाट तेवढी कोणी टाकली नाही.

त्या रांगेत उभं राहायला नको म्हणून आम्ही मध्यमवर्गीयांनी काय केलं, तर मेडिक्लेम घेतला. १९८६ साली तो आपल्याकडे आला. आता गुरुग्रामच्या पंचतारांकित रुग्णालयात पाऊल टाकलं की नाडी बघायच्या आधी विचारतात, ‘कॅश या इन्शुरन्स?’ खोलीचं भाडं पॉलिसीतल्या मर्यादेपेक्षा थोडं जास्त झालं, की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर असं बरंच काही त्या प्रमाणात कापतात. म्हणजे खिडकीतून बाग दिसली म्हणून मूतखडाही महाग होतो. डॉक्टरांचे हातमोजे पॉलिसीत बसत नाहीत, त्यांनी रुमाल गुंडाळून ऑपरेशन करावं अशी अपेक्षा असावी. जुन्या आजाराला थांबायची मुदत चार वर्षांची होती, ती २०२४ मध्ये तीन वर्षांवर आली. डिस्चार्जचा निर्णय तीन तासांत द्या, असं नियामकाने त्याच वर्षी बजावलं. त्याआधी बरा झालेला माणूस संध्याकाळपर्यंत चपला घालून खाटेवर बसून राही आणि एका दिवसाचं भाडं वाढे. हप्त्यावर अठरा टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरून उठला. माझ्या नूतनीकरणाच्या नोटिशीत त्या आनंदात मूळ हप्ता वाढलेला आहे. अमेरिकेला हसता हसता आम्ही त्यांचा माल हप्त्याहप्त्याने घरी आणतोय, आणि तोही नोएडाच्या मुलांनी तिथला अनुभव घेतल्यानंतर. त्या शेजारच्या मुलालाच आता एका देशी कंपनीतून बोलावणं आलंय. पगार जास्त, रात्रपाळी नाही. काम काय, तर क्लेममधल्या चुका शोधायच्या.

गेल्या आठवड्यात एडिसनच्या पत्त्यावर हिच्या नावे त्या व्हिजिटर कंपनीचं पत्र आलं, चिरंजीवाने फोटो काढून पाठवलं. अपघाताची प्रश्नावली होती. जिथे अपघात झाला ती जागा कोणाच्या मालकीची? मालकाचा पत्ता काय? अपघाताला कारणीभूत झालेली वस्तू कोणाची? सदर व्यक्तीविरुद्ध आपण दावा दाखल केला आहे काय, नसल्यास करणार आहात काय? जो पैसा कंपनीने दिलेलाच नाही, तो कोणाकडून वसूल करता येईल याची चौकशी चालू होती. आणि तिच्यात जागेचा मालक आमचा मुलगा, गाडीचा मालक साडेचार वर्षांचा.

हिने चष्मा लावून प्रश्न नीट वाचले. नातवाचं नाव लिहायला तिने साफ नकार दिला. मुलाचंही नको म्हणाली. मग जरा वेळ विचार करून तिने शेजारच्या मुलाला गच्चीवरून हाक मारली आणि विचारलं, ‘अरे, त्या दिवशी तो झेडचा नंबर कुठला म्हणालास? आता सोबत पायही मुरगळलेला आहे.’